कागदावरचं कुडाचं घर

कळमनुरी,
५ डिसेंबर १९९९

चि. विकास यास रुपाताईचे पोटभर आशीर्वाद, आणि कानटोपी काढायची नाही हा हुकूम.

वि. वि. तुझं दिवाळीचं पत्र कार्तिक सरता सरता पोचलं. तिकडं अरुणाचलात तुम्ही पूल बांधून राहिलात म्हणे, मग आधी टपालासाठी एखादा बांधा.

घाबरू नकोस, पण आपली याडी गेल्या महिन्यात बाळापूरच्या अंगणात पाय घसरून पडली. हाड शाबूत आहे. पण काठीशिवाय चालता येत नाही, म्हणून मी तिला इकडं कळमनुरीला घेऊन आले. तुझे भाऊजी मोहनसिंग तिची बडदास्त सासूसारखी नाही, पाहुण्या मंत्र्यासारखी ठेवतात. तरी तिचं एकच गाऱ्हाणं, की तुमच्या या सिमेंटच्या घरात दिवसा भाजतं आणि रात्री गारठतं, माणसानं झोपावं कधी?

आता मुद्द्याचं. बाळापूरचं घर विकायचं तिनंच काढलं. बापूंना जाऊन तीन वर्षं झाली, तू तिकडं, मी इकडं. ती म्हणाली, माझ्यानं आता तिथं एकटीनं राहवत नाही आणि कुलूप लावलेलं मला पाहवत नाही. घ्यायला दोन माणसं तयार आहेत. एक आहेत डॉक्टर आकांक्षा, डोंगरकड्याच्या भीमराज गुरुजींची लेक. त्यांना तिथं बाळंतपणाचा दवाखाना काढायचा आहे. मे महिन्यात याडीला तपासायला आल्या, मोठ्या खोलीत बसल्या आणि विचारायला लागल्या की कूलर कुठं लपवला आहे! ओल्या बाळंतिणीला अशीच खोली पाहिजे, असं तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं आहे. दुसरं गिऱ्हाईक बाजारातला एक कापड व्यापारी. त्याला घर नको, जागा पाहिजे. घर पाडून दुकानांचे गाळे काढणार.

याडीला घर डॉक्टरीणबाईंनाच द्यायचं आहे. पण त्या बँकेचं कर्ज घेणार, आणि बँक म्हणते बांधकामाचा परवाना आणि नकाशा आणा. बापूंची पत्र्याची पेटी उघडली तर आत वाळवीनं कागदाचं पीठ केलेलं. मग ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढला, आणि हसावं की रडावं कळेना. उताऱ्यावर लिहिलं आहे, 'प्रेमदास यांचे कुडाचे घर'. म्हणजे बापूंनी पक्कं घर बांधायच्या आधी तिथं जी झोपडी होती, तीच सरकारदरबारी अजून उभी आहे!

काय करावं ते कळव. याडी तुझी फार आठवण काढते, वरून मात्र शिव्या देते.

तुझ्या पत्रासाठी पोस्टमनची वाट अडवून बसलेली,
रुपाताई

———

अरुणाचल प्रदेश,
२३ डिसेंबर १९९९

ती. रुपाताईस व भाऊजींस विकासचा शिरसाष्टांग नमस्कार. जय सेवालाल.

पत्र मिळालं. याडी पडली हे वाचून जेवण गेलं नाही. ती आता तुझ्याकडेच राहू दे, कितीही कुरकुर केली तरी.

घराबद्दल मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. व्यापाऱ्याला देऊन टाका. ताई, मी रोज पुलाच्या कामावर असतो. लोखंड किती, सिमेंट किती, कुठं किती वजन पडणार, हे कागदावर मांडल्याशिवाय आम्हाला एक पाटी माल टाकता येत नाही. आणि आपल्या घराचं छत काय आहे? नुसत्या विटांची कमान. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत, मध्ये ना सळई, ना खांब. बापू कालव्याच्या कामावर बिगारी होते. त्यांनी ते कसं केलं, कुणाला विचारून केलं, देव जाणे. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी मी सुट्टीवर होतो. आपल्याकडेही जमीन हलली, तेव्हा सगळं गाव घराबाहेर आणि बापू-याडी त्या छताखाली निवांत घोरत होते, आठवतं? मला तेव्हाही त्या छताची भीती वाटली होती आणि आजही वाटते.

परवाना शोधायला लागलात की कुणीतरी साहेब येणार, छताकडं बघणार आणि धोकादायक म्हणून लिहून जाणार. मग व्यापारीसुद्धा भाव पाडेल. बापूंच्या नावाला गावात बोल लागलेला मला नको.

इथं बर्फ पडून राहिलं आहे. कानटोपी घातली आहे. तुझी शपथ.

दोन घास याडीला माझ्या वाटचे भरव.

तुझा,
विकास

———

कळमनुरी,
१७ जानेवारी २०००

चि. विकास यास संक्रांतीचा तिळगूळ आणि कान पिळून आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र याडीला वाचून दाखवलं. व्यापाऱ्याला द्या इथपर्यंत ती शांत होती. छताची भीती वाटते हे ऐकल्यावर म्हणाली, त्या पोरग्याला सांग, तू ज्या छताखाली पळायला शिकलास तेच ते.

आम्ही परवाना शोधला. शाळेला रजा टाकून भाऊजींबरोबर परभणीला गेले. तिथं म्हणाले, मे महिन्यापासून तुमचा जिल्हा हिंगोली झाला, तिकडं बघा. हिंगोलीला गेले तर तिथल्या कारकुनानं बिचाऱ्यानं चहा पाजला, गठ्ठे सोडून दाखवले, पण आपल्या घराचा कागद काही निघाला नाही. ग्रामपंचायतीतही नाही. बहुधा बापूंनी परवाना तोंडीच घेतला असावा, आणि पेटीत दुसरंच काही असावं. याडीला विचारलं तर म्हणाली, तेव्हाचे सरपंच येऊन बघून गेले, बांध म्हणाले, बापूंनी बांधलं.

ग्रामसेवकांनी मात्र एक वाट सांगितली. इंजिनिअरनं घर मजबूत असल्याचा दाखला दिला, तर ग्रामपंचायत जागेवर येऊन पंचनामा करील, शेजाऱ्यांचे जबाब घेईल आणि उताऱ्यावर खरं घर लावून देईल. बँकेलाही ते चालतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी नांदेडहून सोनुले नावाच्या इंजिनिअर साहेबांना आणलं. शांत माणूस आहे. आत आले, मान वर केली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग भिंतीची रुंदी मोजली, विटांवर बोटांनी ठोकून पाहिलं. मला म्हणाले, बाई, नकाशा नाही, हिशोब नाही, अशा छताला मी नुसतं बघून दाखला देऊ शकत नाही आणि नुसतं बघून नाकारूही शकत नाही. एकच उपाय. छतावर वाळूची पोती रचायची, दवाखान्याला लागेल त्यापेक्षा पुष्कळ जास्त वजनाची, आणि एक दिवस-रात्र ठेवायची. खालून काट्याची तबकडी लावायची. छत किती वाकतं आणि वजन काढल्यावर परत किती वर येतं, ते काटा सांगेल.

मी विचारलं, आणि नाही पेललं तर? ते म्हणाले, तर ते पडेल. म्हणून घरात कुणी थांबायचं नाही.

खरं सांगते विकास, मलाही वाटलं, जाऊ दे, व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हावं. पण याडीनं साहेबांना निरोप धाडला की वाळू कधी आणताय ते कळवा.

कायाधू नदीची वाळू भरायची ठरली आहे. पुढच्या महिन्यात.

तुझं मन घट्ट करून वाचावंस म्हणून हळूहळू लिहिणारी,
रुपाताई

———

अरुणाचल प्रदेश,
६ फेब्रुवारी २०००

ती. ताईस नमस्कार.

घाईत लिहितो, टपालाची गाडी उभी आहे. ही परीक्षा मला ठाऊक आहे. आम्ही पुलांवर भरलेले ट्रक उभे करून तीच करतो. पण आमच्या पोटात सळई असते म्हणून करतो. विटेचं तसं नसतं ताई. सळईचं छत वाकतं, तडकतं, आधी इशारा देतं. विटांची कमान गेली तर एकदम जाते.

याडीला त्या दिवशी बाळापूरला नेऊ नकोस. आपलं घर पडताना तिनं बघू नये. शक्य असेल तर तूही जाऊ नकोस. आणि काय होईल ते लगेच कळव. इथं माझं कामात लक्ष नाही.

हात जोडून,
विकास

———

कळमनुरी,
२२ फेब्रुवारी २०००

चि. विकास यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कालच हाती आलं, आणि तू नको म्हणालास ते सगळं आधीच होऊन गेलं. आधी एक सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आम्ही सगळे सुखरूप आहोत. आता सावकाश वाच.

त्या दिवशी सकाळी आम्ही बाळापूरला पोचलो तर घरासमोर माणूस मावत नव्हता. आपल्या तांड्यावरून नेमसिंगकाका ट्रॅक्टर भरून माणसं आणि रिकामी पोती घेऊन आले होते. बाजारातले हमाल आपणहून आलेले. शिड्या लागल्या, वाळू भरली जाऊ लागली आणि पोती एकामागून एक वर चढू लागली. सुरुवातीला लोक हसत-बोलत होते, कुणी पैज लावत होतं. दुपार झाली तशी छतावर पोत्यांची टेकडी दिसायला लागली आणि आवाज कमी कमी होत गेला. शेवटी तर नुसते पायांचे आणि पोतं टेकवल्याचे आवाज ऐकू येत होते. प्रत्येक पोतं टेकलं की माझ्या छातीवर टेकत होतं. तो कापड व्यापारीही समोरच्या ओट्यावर येऊन उभा होता. त्यानंसुद्धा टोपी काढून हातात धरली होती, काय जाणे काहून.

सगळी पोती रचून झाली. साहेबांनी सगळ्यांना लांब सारलं. आता तबकडीवरचा काटा वाचायला त्यांना एकट्यालाच आत जायचं होतं. ते निघाले, तेवढ्यात याडी तिच्यासाठी बाहेर टाकलेल्या बाजेवरून उठली, काठी टेकत त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी बी येते.

साहेब म्हणाले, मावशी, तुम्हाला आत नेता येणार नाही, हे माझं काम आहे. ती म्हणाली, तुमी परक्याचं लेकरू. माझ्या घरात तुमाला एकट्याला मी जाऊ देईन व्हय? मी ओरडले, भाऊजी धावले, डॉक्टरीणबाईंनी हात धरला. याडीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. म्हणाली, पहिल्या बारीला या छताखाली कोण गेलं होतं? म्या आन तुमच्या बापूनं. तवा बी सगळे लांबच उभे होते. आणि साहेबांच्या दंडाला धरून ती उंबऱ्याच्या आत गेली. ते परत फिरले असते तर ती एकटी गेली असती, हे त्यांनाही दिसलं.

विकास, मी दारापर्यंत गेले. मग मला राहवलं नाही, मीही आत गेले. डोक्यावर तेवढा डोंगर होता आणि आत काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तीच गार हवा. तीच कमान, एका भिंतीवरून उठून दुसऱ्या भिंतीवर टेकलेली. मातीचा एक कण खाली पडला नव्हता. मी त्या खोलीत लहानाची मोठी झाले, पण त्या दिवशी मी ती पहिल्यांदा पाहिली.

साहेब तबकडीपाशी वाकले. चष्मा काढून पुसला, परत वाकले. मग हळूच म्हणाले, केसाएवढं वाकलंय, बस्स. त्यांनी मला नंतर समजावलं, की वजन पडलं तशा विटा एकमेकींना आणखी घट्ट धरतात आणि भार भिंतींतून जमिनीत उतरवतात. हे त्यांना माहीत होतं, पण समोर कधी बघितलं नव्हतं, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोती उतरवली. काटा जिथून निघाला होता, तिथं परत येऊन थांबला. साहेबांनी बाहेर येऊन तेवढंच सांगितलं. लोकांनी ओरडावं, टाळ्या वाजवाव्या, तसं कुणी काही केलं नाही. तांड्यावरच्या बाया एकेक करून आत गेल्या, भिंतीला हात लावून बाहेर आल्या. हमालही गेले. आपल्या बापूंच्या घरात लोक देवळात जावं तसे जात होते आणि मी बाहेर उभी राहून रडत होते.

दाखला मिळाला. पंचनामाही झाला. ग्रामसेवकांनी 'कुडाचे घर' खोडून 'विटांचे कमानीचे पक्के घर' असं लिहिलं. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या नावे खरेदीखत होईल.

याडीनं 'पहिल्या बारीला' म्हटलं, त्याचं मी तिला विचारलं. तिनं नुसतं एवढं सांगितलं की बापूंनी आधी सगळी खोली मातीनं भरली होती आणि त्या मातीवर विटा रचल्या होत्या. पुढचं विचारलं तर म्हणाली, लेकाला पुसायचं असंल तर तो पुसंल.

ते तू विचार. मला ऐकायचं आहे.

तुझी,
रुपाताई

———

अरुणाचल प्रदेश,
१२ मार्च २०००

ती. याडीच्या चरणी विकासचं डोकं.

रुपाताईचं पत्र मी कामावर उभ्या उभ्या वाचलं. मग खाली नदीकाठी जाऊन परत वाचलं. इथल्या साहेबांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. त्यांनी कागद घेऊन कमान काढून दाखव म्हटलं. मी काढायला बसलो, आणि मला ती नीट आठवेना. एवढी वर्षं तिच्याखाली झोपलो आणि वर कधी बघितलंच नाही.

याडी, मातीनं खोली भरली म्हणजे नेमकं काय केलंत? आणि ती माती काढायला आत कोण गेलं? बापूंना खात्री होती का, की ते राहील? तुला भीती वाटली नाही का? तुझ्या बोलीत जसं सांगशील तसंच कुणाकडून तरी लिहून घे. शुद्ध करायला लावू नकोस.

मे महिन्यात सुट्टी मिळेल असं दिसतं. तोवर काठी सोडू नकोस.

तुझा,
विकास

———

आखाडा बाळापूर,
६ एप्रिल २०००

चि. विकासला याडीचा लय लय आशीर्वाद.

हे लिव्हणारी आकांक्षा डॉक्टरीण हाय. मी तब्येत दाखवायला बाळापूरला आले तर म्हणली, मावशी, मी लिव्हते, तुमी बोला. मोठ्या खोलीत बसून बोलून राहिले. खरेदी झाली. अंगठा दिला. भिंतीला चुना मारून झाला. कमानीला कुणी हात लावला न्हाई.

तू पुसलं म्हणून सांगते. तवा तुमी दोघं बारकी होता, तांड्यावर तुमच्या मावशीकडं ठेवलं होतं. तुझ्या बापूनं कालव्यावर आंध्राचे मिस्त्री मातीच्या ढिगावर कमान रचताना बघितले होते. त्याच्या मनानं घेतलं की आपण घराला अशीच करू. मी म्हणलं, येतं का तुमाला? तो म्हणला, बघितलंय नुसतं.

भिंती झाल्या. मंग आमी आतमंदी माती भरली. पाट्या पाट्या. चाऱ्ही भिंतींच्या मधात नुसती मातीच माती, पार वरपस्तोर. वरून ती हातानं थापून गोल केली, गाईच्या पाठीवानी. त्या पाठीवर तुझ्या बापूनं विटा लावल्या. मंग पाऊस-पाणी सरू दिलं, चुना वाळू दिला. आन मंग आली माती काढायची येळ.

कामावरचे लोक म्हणले, आमी आत शिरणार न्हाई. त्यांचं बराबर होतं. दारातून बीळ पाडायचं आन उंदरावानी आत जायाचं, वर विटांचं वझं. तुझा बापू कुदळ घेऊन दारात उभा राहिला. मी पुसलं, राहील का हो? तो म्हणला, नीला, मला ठावं न्हाई. खोटं बोलला न्हाई. बोलला असता तर मी कदाचित गेले नसते. मी म्हणलं, मंग मी बी येते.

भेव लय वाटलं. तुमची तोंडं डोळ्यापुढं आली. पण त्याला एकट्याला आत सोडून बाहेर उभं राहणं, त्याचं भेव जास्ती होतं.

तो खांदायचा, मी पाटी बाहेर न्यायची. असे लय दिस गेले. माती डोक्यावर गळायची, तवा दोघं बी थांबायचो, एकमेकाकडं बघायचो, परत खांदायचो. आमी ते घर आतून बघितलंच नव्हतं रे. आमाला ठावंच नव्हतं ते केवढं हाय. जितकं खांदलं तितकंच दिसायचं, बाकी अंधार.

एके दिवशी सकाळच्या पारी मागच्या भिंतीजवळचा शेवटचा ढीग म्या उचलला, बाहेर टाकला आन परत आले. तवा सूर्य दारातून सरळ आत शिरला होता, पार मागच्या भिंतीपस्तोर. आन ती खोली, सगळी रिकामी, सगळी गोल, उजेडानं भरलेली. तुझा बापू मधात उभा होता. केसांत माती, भुवयांत माती. वर बघत होता.

मी बी बघितलं. लेका, मी तांड्यावर जन्मले, पालात वाढले. एवढं उंच, एवढं मोठं काही आपलं असंल असं मला कधी सपनात बी आलं नव्हतं. माझ्या हातातून पाटी पडली. तिचा आवाज वर गेला आन घुमत खाली आला.

तो आवाज ऐकून तुझा बापू लेकरावानी दचकला, आन मला हळूच पुसतो कसा, की नीला, हे आपण केलं?

तुझी वाट बघणारी,
तुझी याडी, नीलाबाई